डार्क मॅटर म्हणे शास्त्रज्ञांची पळवाट!

खगोलखुळा: काल इथे एकाने ठोकून दिलं की विश्व गणितात बसतच नाही, गुरुत्वाकर्षणाची समीकरणं तोकडी पडली की डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं पण ओढ लावणारं वस्तुमान, घुसवायचं आणि मोकळं व्हायचं. डोकं फिरलं वाचून. अहो, युरेनस गणिताप्रमाणे फिरेना म्हणून ल व्हेरिये या फ्रेंच गणितज्ञाने नुसत्या आकडेमोडीतून न दिसलेला ग्रह मांडला, १८४६ साली बर्लिनला गालेने दुर्बीण लावली तर सांगितल्या जागेच्या एका अंशाच्या आत नेपच्यून हजर! तीपण पळवाटच का?

जुनाखोंड: अर्धीच गोष्ट सांगा तुम्ही. त्याच ल व्हेरियेने बुधाचा हिशोब जुळेना म्हणून व्हल्कन नावाचा ग्रह काढला, लोक दुर्बिणी लावून थकले, नव्हताच तो. बुधाच्या कक्षेच्या वळण्यात शतकामागे जेमतेम ४३ विकलांचा फरक (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), पण तो सुटायला १९१५ ला आइन्स्टाइनला गुरुत्वाकर्षणच नव्याने मांडावं लागलं. डार्क मॅटर नेपच्यून निघणार की व्हल्कन, कशावरून ठरवलंत?

कोकणकडा: विश्वाचं राहू द्या हो, आधी पंचांगं जुळवा. आमच्याकडे टिळक पंचांग, एखाद्या वर्षी अधिक मास वेगळा पडतो आणि गणपती महिनाभर आधी येतात. रजा मागितली तर साहेब म्हणे गणपतीला अजून वेळ आहे, थापा मारू नका. बिनपगारी गेलो.

खगोलखुळा: त्यात गणिताचा काय दोष? चंद्र कुठाय यावर वाद नाहीच, राशिचक्र कुठून मोजायचं यावर आहे, चित्रा तारा धरून की रेवती. तुमचं टिळक पंचांग रेवतीवालं.

कोकणकडा: म्हणजे आमचे आजोबा जन्मभर चुकीच्या महिन्यात गणपती बसवत होते?

मधलीआळी: चित्रापक्षच बरोबर, ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकरांनी केव्हाच सांगितलंय.

कोकणकडा: आले शहाणे! टिळकांना गणित शिकवा आता.

जुनाखोंड: केतकरांनी १९११ ला नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह आहेत असंही गणिताने सांगितलं होतं, तेही आणा की शोधून. आणि एकमेकांना ओढणाऱ्या साध्या तीन गोलांच्या गतीचं सर्वसाधारण सूत्र तुम्हाला मांडता येत नाही, चालले विश्व मोजायला.

खगोलखुळा: सूत्र नसेना का, कॉम्प्युटरवर पायरीपायरीने काढतात, अंतराळयानं काय नवस बोलून मंगळावर पोचतात? फार पुढचं नाही सांगता येत, कोटी-कोटी वर्षांनी बुध नेमका कुठे असेल ते कुणालाच येणार नाही, कबूल. पण बुलेट क्लस्टर बघा, दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांवर आदळलेत तिथे. टकरीत वायू मधे अडकला आणि प्रकाश वाकवणारं वस्तुमान बाजूला निघून गेलं. नुसतं समीकरण बदलून हे सहज सुटत नाही. डार्क मॅटरचा कण अजून हाती लागलेला नाही, एवढं मान्य. झालं समाधान?

जुनाखोंड: एवढं रामायण लिहून शेवटी मान्य! हेच पहिल्या ओळीत लिहिलं असतंत तर माझा चहा गार झाला नसता.

कोकणकडा: आणि आमच्या रजेचं?