६३ मिमी पाइपला हे सूत्र चालणार नाही

वर एकांनी विहिरीपासून बागेपर्यंतच्या ६३ मिमी पीव्हीसी पाइपला ३२μV/D² (μ म्हणजे पाण्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, V वेग, D पाइपचा आतला व्यास) लावून घर्षणानं होणारा दाबउतार मीटरमागे ११ पास्कल काढलाय. आकडेमोड बरोबर आहे, पण सूत्र स्तरीय, म्हणजे थराथरानं वाहणाऱ्या, प्रवाहाचं. सेकंदाला ३ लिटर म्हणजे वेग १.१ मीटरच्या आसपास, रेनॉल्ड्स अंक (प्रवाह थराथराचा की खळबळीचा हे सांगणारा आकडा) ६० हजारांच्या वर; आणि साधारण २ हजारांपुढं पाणी थराथरानं वाहतच नाही. खरा दाबउतार मीटरमागे २०० पास्कलच्या घरात जातो. लाइन ५०० मीटर असली तर नुसत्या घर्षणात १० मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) गेलं, मग दाब कमी पडला म्हणून पंपवाल्याला कशाला बोल लावायचा?

हेच सूत्र वरूड-मोर्शीकडं संत्र्याच्या बुडाशी सोडलेल्या १ मिमी मायक्रोट्यूबला (ठिबकच्या बारीक नळीला) मात्र छान बसतं. तासाला ४ लिटर धरा: अंक १४००, उतार मीटरमागे ४५ हजार पास्कल, म्हणजे साडेचार मीटर हेड! हे २० अंशांच्या पाण्याचं. मे महिन्यात काळी लॅटरल (झाडांच्या ओळीतली ठिबकची नळी) हाताला चटका देते. पाणी ४० अंशांवर गेलं की त्याची श्यानता तिसऱ्या हिश्श्यानं घटते, आणि त्याच दाबावर तीच नळी दुपारी जास्त पाणी टाकते. डबा लावून डिस्चार्ज मोजणाऱ्यांनी वेळही लिहून ठेवावी.