'प्राणायाम करा, टेन्शन जाईल' म्हणणाऱ्यांना उत्तर

डोंबिवलीकर: काल एका सदस्यांनी लिहिलं, "अँग्झायटी हे आजच्या पिढीचं फॅड आहे. पहाटे उठा, प्राणायाम करा, मोबाईल बाजूला ठेवा." दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा धागा.

मला पहिला पॅनिक अटॅक लोकलमध्ये आला. छातीत धडधड, हातांना मुंग्या, श्वास पुरेना. हार्ट अटॅकच वाटला. ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" सांगून घरी पाठवलं. त्यानंतर कित्येक महिने मी स्लो गाडीच पकडायचो. फास्ट मध्येच थांबली तर उतरणार कुठे? मग लिफ्ट टाळली, मग मीटिंगा. फॅड म्हणून कोणी असं जगतं का?

जुना सातारकर: ते मीच लिहिलं होतं. शब्द कडक असेल, मुद्दा सोडत नाही. 1972च्या दुष्काळात आमचे वडील खडी फोडायला जायचे. कुणी टेन्शन विचारलं नाही. घरात माणसं होती, तुमच्याकडे गोळ्या आहेत. एकदा लागली की सुटत नाही.

यवतमाळची लेक: विचारलं नाही म्हणजे नव्हतं का, काका? कापूस गेला त्या वर्षी माझे मोठे बाबा रात्र रात्र अंगणात फेऱ्या मारायचे. घरचे म्हणायचे, "स्वभावच तसा." घरात माणसं भरपूर होती. पुढे काय झालं ते इथे लिहिणार नाही.

औषधवाला, मिरज: गोळ्यांचं नीट बोलू, मी रोज काउंटरवर असतो. अल्प्राझोलॅमची सवय लागते, हे खरं. लगेच शांत वाटतं, म्हणून लोक जुनी चिठ्ठी घेऊन येतात. नाही म्हटलं की भांडतात. पण एसिटालोप्राम, सर्ट्रालिन वेगळ्या. गुण यायला काही आठवडे जातात, नशा नाही. बरं वाटलं की लोक मनानेच बंद करतात, मग चक्कर, चिडचिड. त्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात.

जुना सातारकर: बंद केली की त्रास होतो ना? मग मी काय वेगळं म्हणालो?

औषधवाला, मिरज: बीपीची गोळी एकदम सोडली तरी बीपी चढतं. तिला व्यसन म्हणता का?

पेठेतला अभ्यासू: सगळे गोळ्यांवरच अडकलात! 14 मार्च 2021ची एमपीएससीची परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली. पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा 21 तारखेला झाली. खोलीभाडं, मेस, सरत चाललेलं वय. यावर ना श्वास चालतो ना गोळी. वेळापत्रक पाळा, निम्मी पोरं झोपतील.

डोंबिवलीकर: रास्त आहे. पण वेळापत्रक सुधारेपर्यंत झोप लागायला हवी ना? मला समुपदेशनाने फरक पडला. टाळलेली प्रत्येक गोष्ट थोडी थोडी करून बघायला लावली, फास्ट लोकलसुद्धा. खर्च मात्र खिशातून. 2017च्या कायद्यात मानसिक आजाराला इतर आजारांसारखाच विमा लिहिलाय. माझ्या पॉलिसीत ॲडमिट झालात तरच पैसे. परवडत नसेल त्यांनी सरकारचा टेली-मानस नंबर, 14416, फिरवा. फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि सातारकर, लांब उच्छ्वास मलाही शिकवलाय. त्याने धडधड उतरते. लिफ्टची भीती जात नाही.

जुना सातारकर: म्हणजे श्वासाचं खरं निघालं. नंबर लिहून घेतलाय. गोळ्यांचं मी मानलेलं नाही.

औषधवाला, मिरज: नका मानू. घरात कुणाची चालू असेल, तर तेवढी तुमच्या सांगण्यावरून बंद करायला लावू नका.