इंग्रजी मेलमध्ये वाक्यागणिक टिंबं टाकणं बंद करा राव

रामबागकर
इंदूरात आयटीतली मराठी मंडळी बरीच आहेत म्हणून इथेच टाकतो. आमच्या टीमचे मेल अमेरिकेला जातात आणि निम्म्या मेलमध्ये पूर्णविराम नाहीच, सगळीकडे टिंबं, "फाइल रिसीव्ड... विल चेक..." असं. आपल्याला वाटतं सहज लिहिलंय, समोरच्याला वाटतं हा काहीतरी गिळतोय, चिडलाय बहुतेक. क्लायंटनं परवा चक्क विचारलं, इज समथिंग राँग? अरे, काही गाळलं असेल किंवा वाक्य अर्धवट सोडलं असेल तरच ती द्यायची ना. आणि कॉमाच्या आधी स्पेस देऊन पुढचा शब्द चिकटवणारे तर वेगळेच, ओळ मोडली की कॉमा पुढच्या ओळीच्या तोंडाशी येऊन बसतो.

छप्पनवाला
भिया, काम झालं ना? मग बस. होळकरांच्या दफ्तरातली मोडी बघा, ना कॉमा ना पूर्णविराम, शब्दांत जागासुद्धा सोडत नसत, तरी राज्य चाललंच की.

नारायणबागची ताई
चाललं, आणि आज ती मोडी वाचायला माणूस शोधावा लागतो दादा! ही चिन्हं मराठीत रुजवली ती १९व्या शतकात मेजर कँडीनं, इंग्रजीवरूनच. मी इंग्रजी शिकवते, एका पोराच्या आभाराच्या भाषणात होतं, "आय थँक माय पेरेंट्स, द मेयर अँड द कलेक्टर". म्हणजे आई महापौर आणि बाबा कलेक्टर! मेयरनंतर एक कॉमा दिला असता तर चार माणसं झाली असती.
आणि हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेत मेन राज्यात एका डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी केस केली होती. कोणत्या कामांना ओव्हरटाइम नाही त्याची कायद्यात यादी, शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन", आणि शिपमेंटनंतर कॉमा नाही. मग डिस्ट्रिब्यूशन हे वेगळं काम, की त्यासाठीचं नुसतं पॅकिंग? ड्रायव्हर माल पोचवतात, पॅक करत नाहीत. २०१७ मध्ये अपील कोर्टानं वाक्य संदिग्ध आहे म्हणून त्यांच्या बाजूनं कौल दिला, पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

छप्पनवाला
ताई, पूर्ण सांगा ना मग. त्याच राज्याच्या कायदे लिहिण्याच्या मॅन्युअलमध्ये असा शेवटचा कॉमा देऊ नका असं छापलेलं होतं. म्हणजे नियम पाळून घात झाला! ऑक्सफर्डवाले देतात, अमेरिकन पेपरवाले बहुतेक देत नाहीत, त्यांचंच ठरत नाही आणि आपण इथे सकाळी पोहे खाता खाता भांडतोय.

नारायणबागची ताई
म्हणूनच म्हणते, अर्थ बघून द्यायचा. नियम पाठ करा असं कुठे म्हटलं मी?

सुदामानगरचे काका
मी टिंबं देतो... बोलताना थांबतो तसं... त्यात राग कुठून आला तुम्हा पोरांना?

रामबागकर
काका, घरच्या ग्रुपवर खुशाल द्या, तुमचा आवाज ऐकू येतो त्यात. मी क्लायंटच्या मेलबद्दल बोलतोय.

पलासियाकर
डॅशचं काय पण? हल्ली लांब डॅश दिसला की लगेच म्हणतात एआयनं लिहिलंय, म्हणून मी टाकणंच सोडलं.

रामबागकर
कशाला सोडायचा? अमेरिकन तो शब्दांना चिकटवून लांब देतात, ब्रिटिश पुष्कळदा जरा आखूड आणि दोन्हीकडे जागा सोडून. कोणताही घ्या, फक्त एका मेलमध्ये दोन्ही नकोत. शब्द जोडायची छोटी रेघ, हायफन, ती वेगळी, तिला डॅशच्या जागी बसवू नका. आणि एका परिच्छेदात चार डॅश असतील तर मग एआयवाल्यांनी शंका घेतली तर घेऊ दे, मीपण घेईन.

छप्पनवाला
बरं हे सांगा, इनव्हॉइसवर आपण १०,००,००० लिहितो, ते १,०००,००० लिहितात. हा कॉमा कोणाच्या नियमानं?

रामबागकर
डॉलर असतील तर त्यांच्या. रुपयांचं बिल आपल्या पद्धतीनं लिहा, पण गोऱ्या अकाउंटंटला जायचं असेल तर खाली रक्कम अक्षरी टाका, आणि हो, अक्षरीत लाख नको, मिलियन लिहा.