अनुभव धागा : ‘केस’ चित्रपटाच्या जागा कोणी पाहिल्यात?

केन लोच यांचा ‘केस’ (Kes, १९६९) हा ससाणा पाळणाऱ्या बिली या शाळकरी मुलाचा चित्रपट पाहून ज्यांनी इंग्लंडमधलं बार्न्सली गाठलं, किंवा जे त्या भागात राहिले, त्यांनी इथे जरूर लिहावं. सुरुवात मी करते.

शेफील्डला शिकत असताना हॉयलंड कॉमनला गेले होते. बॅरी हाइन्स यांचं हे गाव. त्यांच्या १९६८ च्या कादंबरीवरून चित्रपट झाला आणि चित्रीकरणही इथेच. बिली कॅस्पर पेपर टाकत फिरतो, तशा विटांच्या घरांच्या रांगा अजून आहेत. कोळशाच्या खाणी मात्र गेल्या. बिलीला ज्या खाणीत उतरायचं नव्हतं, त्या खाणीच आता नाहीत, हे तिथे उभं राहिल्यावर फार जाणवतं.

*

बार्न्सलीजवळचा टँकर्स्लीचा जुना हॉल, म्हणजे जुना वाडा, मी पाहिलाय. बिली भिंतीवर चढून ससाण्याचं पिल्लू काढतो ना, तेच पडकं घर. छप्पर नाही, दगडी चौकटीच्या रिकाम्या खिडक्या, भोवती शेत. लेखकाचे भाऊ रिचर्ड यांनी लहानपणी खरोखर ससाणे पाळले होते, चित्रपटातल्या पक्ष्यांनाही त्यांनीच शिकवलं. कुणी गेलात तर पायवाटेवरूनच बघा, दगड ढिले आहेत.

*

मी बार्न्सलीत डॉक्टर होतो. चित्रपटातली सेंट हेलेन्स शाळा पाडलीय, शोधत जाऊ नका. पण माणसं आहेत! तपासायला आलेल्या एका आजोबांशी ‘केस’चा विषय निघाला आणि ते गुडघेदुखी विसरून चित्रपटातल्या फुटबॉलच्या सामन्याबद्दलच बोलत बसले. त्यांच्या ओळखीची पोरं त्यात होती. वर्गातली बहुतेक मुलं तिथलीच, बिली झालेला डेव्हिड ब्रॅडलीसुद्धा बार्न्सलीचाच. खेळाचे दांडगट मास्तर ब्रायन ग्लोव्हर प्रत्यक्षातही शिक्षक होते, शिवाय कुस्तीगीर! गावाला या चित्रपटाचा केवढा अभिमान आहे, ते बाजारपेठेतल्या पुतळ्याकडे बघून कळतं. ग्रॅहम इबसन यांनी घडवलेला हा बिली २०२१ मध्ये बसवला. त्याच्या हातावर ससाणा आहे.

*

मी बार्न्सलीला गेलेलो नाही, तरी लिहितो. केस्ट्रल, म्हणजे बिलीचा तो छोटा ससाणा, हिवाळ्यात आपल्याकडेही येतो. सासवडच्या बाजूच्या माळावर तो वाऱ्याला तोंड करून, पंख फडफडवत एकाच जागी थांबलेला दिसला आणि बिली त्याच्यामागे एवढा वेडा का झाला ते पटलं. नोव्हेंबरनंतर सकाळी जा, दुर्बीण न्या.