गल्लीचा पुराचा ग्रुप : फक्त ॲडमिनच बोलणार, का सगळ्यांना बोलू द्यायचं?

पंचगंगाकाठ

मंडळी, जून तोंडावर आलाय म्हणून विषय काढतोय. कोल्हापुरात आमच्या शुक्रवार पेठेत २०१९ च्या पुरानंतर व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. पाणी कुठवर आलंय, कुणाच्या घरात म्हातारं माणूस अडकलंय, कुठली शाळा राहायला उघडलीय, एवढ्यासाठीच. २०२१ ला त्याचा लई उपयोग झाला. आता त्यात चारशेच्या वर माणसं आहेत आणि रोज सकाळी सहाला अंबाबाईचा फोटो, मग गुड मॉर्निंग, मग कुणाचातरी वाढदिवस आणि त्याला शंभर केक, मग 'टू बीएचके भाड्याने देणे आहे', मग भावी नगरसेवकाचा बॅनर, आणि मधेच ते रक्त पाहिजे वालं फॉरवर्ड ज्यातला नंबर लावला तर बंद लागतो.

हे सगळं एकवेळ सोसलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला कुणीतरी व्हॉइस नोट टाकली, "राधानगरी धरणाचे सगळे दरवाजे उघडलेत, पहाटेपर्यंत पाणी गल्लीत येतंय, आवरा." ज्यानं टाकली त्याला ती दुसऱ्या ग्रुपवरून आलेली. शेजारच्या आजी, पायाचं ऑपरेशन झालेलं, त्यांना अंधारात माळ्यावर चढवलं. सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघितली तर ३९ फुटांची इशारा पातळीसुद्धा गाठलेली नव्हती. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात आणि पातळी कमी झाली की मिटतात, आणि ते पाणी इथं पोचायला बरेच तास जातात, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही माहितीय. पण रात्री अडीचला एवढा विचार कोण करतंय?

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं : असा ग्रुप बारा महिने 'फक्त ॲडमिन' वर ठेवावा. चार-पाच जबाबदार माणसं ॲडमिन, तेवढीच टाकणार, बाकीच्यांनी वाचायचं. ज्यांना केक वाटायचेत त्यांनी दुसरा ग्रुप काढावा. बोला.

कुंभारगल्ली_शाहूपुरी

दादा, तुमचा राग समजतो पण मला हे अजिबात पटलेलं नाही, आणि का पटलं नाही ते सांगते. तुम्ही बंधाऱ्याची पातळी म्हणताय. आमच्या गल्लीत पाणी नदीवरनं समोरनं येत नाही, जयंती नाल्यातनं मागनं फुगत येतं. बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, पण आमच्यात कुठल्या घराच्या पायरीला कधी पाणी लागतंय हे त्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईलाच दिसतं. तुमचा ॲडमिन समजा राजारामपुरीत राहतोय, त्याला काय दिसणार?

२०१९ ला ऑगस्टमध्ये पूर आला, गणपती महिन्यावर होते, घराघरात मूर्ती वाळत ठेवलेल्या. नाल्याच्या कडेच्या एका वहिनीनं आपल्या मागच्या दाराचा फोटो टाकला, उंबऱ्याला पाणी लागलेलं. कॅप्शन नाही, काही नाही. तो बघून पुढच्या चार घरांनी मूर्ती वरच्या मजल्यावर चढवायला घेतल्या. सगळ्या नाही वाचल्या, पण ज्या वाचल्या त्या त्या फोटोमुळं. त्या वहिनी कधीच कुठल्या ग्रुपच्या ॲडमिन नव्हत्या, आणि कुणी त्यांना करणारही नाही. ग्रुप बंद असता तर त्यांनी ॲडमिनला पर्सनल मेसेज टाकून त्याची उठायची वाट बघत बसायचं होतं का?

फुलेवाडी_नाका

+१ पंचगंगाकाठ. शंभर टक्के बंद ठेवा. आमच्या सोसायटीचा उघडा ग्रुप होता, शेवटी पार्किंगवरनं दोन घरं कायमची बोलायची बंद झाली.

गंगावेस_कट्टा

मी ॲडमिन आहे, एका तालमीच्या ग्रुपचा, आणि खरं सांगू का, 'फक्त ॲडमिन' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ॲडमिन कोण. ज्याच्याकडं बोलायचा अधिकार त्याच्याकडं गल्ली. इलेक्शन आलं की हेच चार-पाच जबाबदार लोक पाण्याच्या मेसेजखाली आपला फोटो लावून टाकतात, 'आपला सेवक'. आणि बाकीच्या चारशे जणांना त्याच्याखाली "फोटो कशाला" एवढं लिहायचीही सोय नाही. उघड्या ग्रुपवर निदान कुणीतरी टोकतं. मी स्वतः टोकलेलं आहे.

पंचगंगाकाठ

@कुंभारगल्ली_शाहूपुरी, वहिनींचा फोटो मान्य. पण तसा एक फोटो येतो तेव्हा बाकीचे वीस जुने असतात. २०२१ ला आमच्या ग्रुपवर २०१९ चे फोटो फिरत होते, पाणी तेच, पूल तोच, कुणाला कळणार? एकानं शिरोली पुलाजवळचा जुना फोटो टाकला, दुसऱ्यानं तो खरा मानून पुण्याहून निघालेल्या भावाला साताऱ्यातच थांबवलं. नंतर हायवे खरंच बंद झाला, ते वेगळं, पण तेव्हा चालू होता. चारशे जणांत एखादं माणूस डोळ्यांनी बघून सांगतं, बाकीचे आलेलं पुढं ढकलतात. त्या एकाचं ऐकू यावं म्हणूनच बाकीचे गप्प करायचेत.

@गंगावेस_कट्टा, ॲडमिन फोटो लावत असेल तर ॲडमिन बदला. ग्रुप उघडा ठेवून ते दुखणं बरं होत नाही.

कायदा_आणि_कट्टा

एक मुद्दा कुणीच काढला नाही. ग्रुपवर कुणी भलतंसलतं टाकलं तर अडकतो ॲडमिन. जून २०२३ आठवतोय ना, मोबाईलच्या स्टेटसवरनं आपल्या कोल्हापुरात काय झालं, बंद, दगडफेक, वर इंटरनेट बंद. दुकानात क्यूआर कोड चालत नव्हता. तेव्हापासून माझ्या ओळखीच्या दोघांनी ॲडमिनपद सोडलं, घरच्यांनीच सोडायला लावलं. ज्याच्या डोक्यावर टांगती तलवार त्यालाच ठरवू द्या ना ग्रुप उघडा का बंद.

ताराबाई_पार्कातला_वकील

वरच्या कॉमेंटमधला 'अडकतो ॲडमिन' हा समज लई पसरलाय म्हणून लिहितो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. त्यात त्याचा हात होता, आधीपासून संगनमत होतं, असं दाखवावं लागतं. कारणही साधं दिलंय, मेसेज पडायच्या आधी तो तपासायचा किंवा अडवायचा अधिकार ॲडमिनकडं नसतोच. केरळ उच्च न्यायालयानंही २०२२ मध्ये साधारण तसाच निकाल दिला.

पण म्हणून हात झटकून बसू नका. त्या निकालानंतर व्हॉट्सॲपनं ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय दिली. म्हणजे घाण दिसल्यावर काढता येत होती आणि दोन दिवस तशीच ठेवली, तर लोक विचारणारच, पोलीसही विचारतील. माझं मत विचाराल तर ग्रुप उघडा ठेवा, आणि दिसलं की डिलीट करा, टाकणाऱ्याला एकदा समज द्या, परत केलं तर काढा. नियम डिस्क्रिप्शनमध्ये आधीच लिहून ठेवा म्हणजे 'मलाच का काढलं' म्हणून कुणी दारात येत नाही.

फुलेवाडी_नाका

दारात येतात वकीलसाहेब. लिहिलेलं असलं तरी येतात. आपल्या इथं ग्रुपवरनं काढणं म्हणजे पंगतीतनं उठवणं. समोरच्याच्या वडलांनी माझ्या वडलांना फोन केला होता.

रंकाळा_सकाळी

बायकांच्या बाजूनं एक लिहायचंय. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर मला न विचारता ॲड केलं. साध्या ग्रुपमध्ये गेलं की आपला नंबर सगळ्यांना दिसतो. आठवड्यात एका अनोळखी माणसाचे पर्सनलवर 'हाय मॅडम' सुरू झाले. मी गुपचूप बाहेर पडले, आता बाहेर पडताना फक्त ॲडमिनला कळतं, तेवढं बरं झालंय. पण बाहेर पडल्यामुळं नळाला पाणी सुटायची वेळ बदललेली मला कळेना झाली. 'फक्त ॲडमिन' केल्यानं यातलं काहीच सुटत नाही, नंबर तरीही दिसतातच. तुम्ही सगळे बोलायचं कुणी यावर भांडताय, आत कोण घेतलंय हे कुणी बघतंय का? लिंक दुकानाच्या काचेवर चिकटवलेली असते. जॉइन व्हायला ॲडमिनची परवानगी लागेल असं सेटिंग आहे, ते कितीजणांनी लावलंय?

कुंभारगल्ली_शाहूपुरी

@रंकाळा_सकाळी अगदी बरोबर, आम्ही ते सेटिंग लावलंय. रिक्वेस्ट आली की गल्लीतली एक बाई आणि एक बाप्या, दोघांनी ओळखलं तरच आत. लिंक कुठं चिकटवत नाही. आणि सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये प्रायव्हसीत जाऊन 'मला ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं' तिथं फक्त आपले कॉन्टॅक्ट्स ठेवा, ही सोय २०१९ पासून आहे आणि अजून निम्म्या गावाला माहीत नाही.

आयटीवाला_घरी_आलेला

मला कळत नाही दोन्हीपैकी एकच का निवडताय. व्हॉट्सॲपवरच कम्युनिटी काढा, म्हणजे एकाखाली बरेच ग्रुप. वर सूचनांचा एक भाग असतो तिथं फक्त ॲडमिन टाकणार, त्यात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, आणि खाली गप्पांचा ग्रुप, भाड्याचा ग्रुप, गणपतीचा ग्रुप. नाहीतर टेलिग्रामवर जा, तिथं दोन लाख माणसं मावतात.

गंगावेस_कट्टा

भावा टेलिग्राम सोड, आमच्या काकूंना व्हॉट्सॲपवर स्क्रोल करून वर जायला शिकवायला एक दिवाळी गेली. कम्युनिटी मी करून बघितलीय. लोकांना तीन खिडक्या दिसल्या की ते पहिल्या दिसेल त्यात सगळंच टाकतात. पाण्याची बातमी गणपतीच्या ग्रुपवर आणि वर्गणीचा हिशोब चौथ्याच ठिकाणी. ज्या वयाची माणसं पुरात आधी हलवायला लागतात त्यांना एकच ठिकाण पाहिजे.

दुधाळीतला_मास्तर

निवृत्त शिक्षक आहे, दोन्ही पूर पाहिले. दोन्ही वेळेला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तुम्ही सगळे धरून चाललाय की फोन चालू असणार. २०१९ ला आमची लाईट गेली, फोन उतरले, रेंज जायची-यायची. ग्रुप उघडा का बंद हा प्रश्नच उरला नाही. सुतारवाड्यातल्या लोकांना दरवर्षी आधी चित्रदुर्ग मठात हलवतात, ते मेसेज बघून हलत नाहीत, कुणीतरी दारात जाऊन हाक मारतं तेव्हा हलतात. म्हणून मी आमच्या ग्रुपच्या पोरांकडनं एक काम करून घेतलंय : कुठल्या घरात कोण एकटं आहे, कुणाला चालता येत नाही, कुणाला डायलिसिस आहे, त्याची यादी कागदावर, प्लास्टिकच्या पिशवीत, दोन घरात. ती यादी ग्रुपवर टाकायची नाही हे मी बजावून सांगितलंय, आजारपण गावभर करायचं नसतं.

बाकी तुमच्या वादात मी पंचगंगाकाठ यांच्या बाजूनं थोडा झुकतो. फॉरवर्डवर दोन बाण दिसले, म्हणजे तो पाच किंवा जास्त हातांतनं फिरून आलाय, की तो आमच्याकडं न वाचता उडवतात. २०१८ ला धुळ्यात राईनपाड्याला अफवेवरनं पाच माणसं ठार मारली, त्यानंतर कंपनीनं भारतात फॉरवर्ड एकावेळी पाच ठिकाणांवर आणला. अफवेनं माणसं मरतात, हे आपल्याच राज्यात घडलेलं आहे.

पंचगंगाकाठ

मास्तर, यादीचं काम आम्हीपण करणार. सगळ्यांचं वाचून मी एवढं सरकतो : एरवी ग्रुप उघडा राहू दे, ओळख पटवून आत घ्या, वकीलसाहेब म्हणतात तसं डिलीट करत राहा. पण पाणी ३९ फुटांवर गेलं की तिथनं पुढं कुलूप. इशारा पातळीनंतर फक्त ॲडमिन. यावर मी हटणार नाही, ती रात्र मी बघितलीय.

कुंभारगल्ली_शाहूपुरी

आणि मी नेमकं त्याच्या उलट म्हणते. तुम्ही वर्षभर ठेवा कुलूप, केकची मला हौस नाही. पण ३९ फूट झाले की उघडा, कारण तिथनं पुढंच तर पायरीवरच्या माणसाचं ऐकायचं असतं. फक्त नियम करा : पाणी वाढत असताना फॉरवर्ड एकही नाही, व्हॉइस नोट नाही. स्वतः काढलेला फोटो, खाली जागा आणि वेळ. 'जामदार क्लब, ६.१०, तिसरी पायरी.' असं नसेल तर ॲडमिननं विचार न करता उडवायचं.

पंचगंगाकाठ

रात्री अडीचला उडवायला जागं कोण राहणार?

कुंभारगल्ली_शाहूपुरी

तुम्ही बारा ते तीन, मी तीन ते सहा. पाणी चढत असलं की तसंही आमच्यात कुणी झोपत नाही. बाकीच्या वेळेला अजून दोघं लागतील, तुमच्या पेठेतली एखादी बाई बघा.

गंगावेस_कट्टा

बारापर्यंत मी आहे. पण 'आपला सेवक' फोटोवाला कुणी ॲडमिन राहणार नाही, हे पहिल्याच ओळीत लिहा.