मदत हवी आहे : थर्टी-थर्टीच्या काडतुसांसाठी कोणती डाय आणि कोणता क्रिम्प निवडावा?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत, पश्चिम पेनसिल्व्हेनियात राहतो. थँक्सगिव्हिंगनंतर इथे हरणाच्या शिकारीचा रायफल हंगाम सुरू होतो. त्यासाठी माझ्याकडे थर्टी-थर्टी विंचेस्टर काडतुसाची लिव्हर-ॲक्शन (ट्रिगरजवळची दांडी खाली-वर करून काडतूस आत घेणारी) रायफल आहे आणि तिची काडतुसे मी वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून घरीच तयार करतो. स्वतःच्या वापरासाठी असे करायला इथे परवाना लागत नाही, विकायची असल्यास मात्र लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे भारतातील वाचकांनी हा धागा केवळ माहिती म्हणून वाचावा. दारूचे वजन आणि प्रायमर (फटका बसताच दारू पेटवणारी, पुंगळीच्या बुडातली टोपी) मी प्रसिद्ध तक्त्यांप्रमाणेच ठेवतो, त्याबद्दल माझा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो डायचा, म्हणजे पुंगळ्या भरण्याच्या प्रेसमध्ये बसवायच्या साच्याचा, आणि क्रिम्पचा, म्हणजे पुंगळीचे तोंड गोळीवर आवळण्याचा.

माझ्या थ्री-झिरो-एट काडतुसाच्या बोल्ट-ॲक्शन (हाताने दांडा, म्हणजे बोल्ट, सरकवून काडतूस आत बसवणाऱ्या) रायफलसाठी मी क्रिम्प करतच नाही. पुंगळीच्या मानेची, म्हणजे तोंडाजवळच्या अरुंद भागाची, पकड पुरेशी असते आणि तिथे कधी अडचण आलेली नाही. थर्टी-थर्टीचे तसे नाही. या रायफलचे मॅगझिन नळीचे असते आणि त्यात काडतुसे एकामागे एक अशी बसतात की प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेले राहते. म्हणूनच यात चपट्या टोकाच्या किंवा टोकाला मऊ पॉलिमर असलेल्या गोळ्या वापरतात. पण टोकाची काळजी घेतली तरी स्प्रिंगचा दाब आणि प्रत्येक बाराचा धक्का गोळीला पुंगळीत आत ढकलत राहतो, आणि गोळी आत सरकली की दारूला जागा कमी पडून दाब वाढतो. त्यामुळे इथे क्रिम्प टाळता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

सध्या मी गोळी बसवणारी जी डाय वापरतो, तिच्यातच रोल क्रिम्पची (तोंडाची कड आत वळवणाऱ्या क्रिम्पची) कड आहे, म्हणजे गोळी खाली जाणे आणि तोंड वळणे ही दोन्ही कामे प्रेसच्या एकाच दाबात होतात. भरलेली काडतुसे उजेडात धरून पाहिली तर काहींच्या तोंडाशी तांब्याची केसासारखी बारीक सळ निघालेली दिसते, काहींच्या खांद्याला (मानेखालच्या उताराला) बोटाला जाणवेल इतका फुगवटा आलेला असतो आणि ती चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याच्या जागेत) शिरत नाहीत, तर काहींची गोळी बोटांनी फिरवल्यावर फिरते. व्हर्नियरने मोजल्यावर कारण लक्षात आले. पुंगळ्या वेगवेगळ्या बनावटीच्या असल्याने त्यांची लांबी सारखी नाही. या काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी २.०३९ इंच आहे आणि कापून ती साधारण २.०२९ इंचांवर आणतात. लांब पुंगळीचे तोंड गोळी पूर्ण बसण्याआधीच आवळले जाते, गोळी मात्र खाली जातच राहते, आणि तो सगळा जोर पातळ भिंतीच्या खांद्यावर येतो. आखूड पुंगळीपर्यंत डायची कड नीट पोहोचतच नाही.

सर्व पुंगळ्या एकाच लांबीला कापून, तोंडाच्या कडा आतून-बाहेरून साफ करून घेण्याचे काम मी सुरू केले आहे. गोळी बसवणे आणि क्रिम्प करणे ही कामे वेगळी करायची, हेही नक्की आहे. आता यापुढे दोन वाटा दिसतात. एक म्हणजे रोल क्रिम्पसाठीच दुसरी डाय घेऊन ती कायमची त्याच मापावर बसवून ठेवणे. दुसरी म्हणजे ली कंपनीच्या फॅक्टरी क्रिम्प डायसारखी, चार फाकांच्या कॉलेटने (आवळणाऱ्या कड्याने) तोंड बाजूंनी दाबणारी डाय घेणे. कॉलेटची डाय पुंगळीच्या लांबीतला थोडा फरक चालवून घेते आणि खांद्यावर खालच्या दिशेने जोर देत नाही, हा तिचा फायदा मला मोठा वाटतो. टेपर क्रिम्प (तोंड न वळवता नुसते निमुळते दाबणारा) हा मुख्यतः ज्या पिस्तुलांच्या काडतुसांत पुंगळीचे तोंडच चेंबरच्या कडेला टेकते त्यांच्यासाठी असल्याने मी तो विचारातच घेतलेला नाही. माझी शंका ही की, गोळीवर क्रिम्पसाठीची खाच असताना आणि मॅगझिन नळीचे असताना, खाचेत वळलेल्या रोल क्रिम्पइतका कॉलेटचा क्रिम्प गोळीला मागे सरकण्यापासून रोखतो का? शिवाय जास्त आवळल्यास गोळीचे शिसे दबून तसेच राहते, पितळ मात्र किंचित परत फाकते आणि पकड उलट सैल होते. मग कॉलेट किती दाबावे, हे तुम्ही कशावरून ठरवता?

दुसरा प्रश्न साईझिंग डायचा, म्हणजे बाराने फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या डायचा आहे. फक्त मान साईझ केली तर पितळ जास्त टिकते हे खरे, पण लिव्हर-ॲक्शनमध्ये बोल्ट-ॲक्शनसारखा जोर लावून काडतूस आत बसवता येत नाही आणि माझ्या रायफलमध्ये बोल्टचे कुलूप मागच्या बाजूला असल्याने बार होताना पुंगळी अधिक ताणली जाते. म्हणून मी पूर्ण पुंगळी मापात आणणारी फुल-लेंग्थ डायच वापरतो. मात्र ती पुंगळीचे बूड धरणाऱ्या शेलहोल्डरला टेकेपर्यंत खाली घेतली की खांदा गरजेपेक्षा जास्त मागे जातो. हे काडतूस बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर (रिमवर) टेकून बसणारे असल्याने ते चेंबरमध्ये व्यवस्थित बसल्यासारखे वाटते आणि ताण सगळा बुडाजवळच्या भिंतीवर येतो. काही पुंगळ्यांवर रिमच्या थोडे वर चकचकीत वलय दिसू लागले आहे आणि टोक वाकवलेली तार आतून फिरवली की त्या जागी खाच लागते. अशा पुंगळ्या मी लगेच ठेचून टाकून देतो, कारण पुढच्या बाराला बूड तुटून वेगळे होण्याचा धोका असतो. लिव्हर-ॲक्शनसाठी खांदा नेमका किती हजारांश इंच मागे घ्यावा आणि तो तुम्ही कशाने मोजता?

उत्तर देताना कृपया आपण कोणती रायफल वापरता आणि प्रायमर व दारू नसलेली चाचणी काडतुसे मॅगझिनमधून खेळवून, आधी आणि नंतर त्यांची लांबी मोजून पाहिली आहे का, हे लिहावे. नुसत्या ऐकीव मतापेक्षा त्या मापाचा मला जास्त उपयोग होईल. माझा प्रेस एकाच ठाण्याचा आहे आणि त्याचे आटे नेहमीच्या ७/८-१४ मापाचे आहेत, त्यामुळे आरसीबीएस, रेडिंग, हॉर्नडी, ली यांपैकी कोणाचीही डाय मला चालेल.