मदत हवी आहे : मॅरेथॉनमध्ये सर्वात मागे असणाऱ्यांसाठी कट-ऑफ किती ठेवावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून दरवर्षी एक मॅरेथॉन भरवतो. पगारी माणूस एकही नाही. बिब (छातीवर लावायचा क्रमांक) वाटण्यापासून रस्त्यावरचे कागदी ग्लास वेचण्यापर्यंत सगळं स्वयंसेवकच करतात. स्पर्धकांनी जमवलेली देणगी जवळपासच्या तीन आरोग्यसंस्थांना जाते. एक डायलिसिसच्या रुग्णांना मदत करते, दुसरी कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करते, तिसरी थॅलेसेमियाच्या मुलांना वेळेवर रक्त मिळावं म्हणून धडपडते. प्रवेशशुल्क आणि प्रायोजकांच्या पैशांतून स्पर्धेचा खर्च भागवायचा आणि देणगी पूर्णच्या पूर्ण संस्थांना द्यायची, हा नियम पहिल्यापासून पाळला आहे. दोन्ही खाती वेगळी. या नियमाला धक्का न लावता काय करता येईल, ते विचारायला आलो आहे.

पूर्ण अंतर ४२.१९५ किलोमीटर आणि सध्याचा कट-ऑफ, म्हणजे ते पूर्ण करायची कमाल मुदत, सहा तास. यंदा समितीत सरळ दोन तट पडलेत. काहींना तो साडेपाच तासांवर आणायचा आहे, काहींना आठपर्यंत न्यायचा आहे.

साडेपाचवाल्यांचं म्हणणं मला पटतं. शेवटच्या पाण्याच्या टेबलांवरची मुलं पहाटेच्या अंधारापासून उभी असतात. रस्ता वाहतुकीला खुला करायची वेळ ठरलेली असते. डॉक्टर आणि रुग्णवाहिका जितके तास जास्त, तितका खर्च जास्त, आणि तोही नेमका ऊन चढल्यावरचा.

पण मागे असतं कोण? आमच्याकडे सगळ्यात जास्त देणगी गोळा करणारे बहुतेक सगळे मागेच असतात. ते धावायला आलेले नसतात, कुणासाठी तरी आलेले असतात. गेल्या वर्षी मी तिसाव्या किलोमीटरच्या टेबलावर होतो. एक बाई चालत आल्या, टी-शर्टच्या पाठीवर मार्करने भावाचं नाव लिहिलेलं. त्याचं डायलिसिस चालू होतं. स्वीप गाडी (मागे पडलेल्यांना उचलून घेणारी) त्यांच्या मागोमाग येऊन थांबली. चालकाने दार उघडून धरलं. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "अजून किती राहिलंय?" एवढंच विचारलं. टेबलावरच्या मुलीने ओला टॉवेल त्यांच्या मानेवर टाकला आणि ती त्यांच्यासोबत चालू लागली. बाई सहा तासांच्या आत पोचल्या, पण अगदी थोडक्यात. साडेपाचचा नियम असता तर त्यांना गाडीत बसावं लागलं असतं.

म्हणून मी वेळ वाढवण्याच्या बाजूचा आहे. मात्र वेळ वाढवली की भागलं असं होत नाही, आणि खरी मदत मला इथेच हवी आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं होतं. धावताना वजन वाढलेले आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणारे यांना धोका अधिक होता. कारण साधं आहे. हळू चालणाऱ्याला प्रत्येक टेबलावर थांबायला सवड असते, आपण आग्रहाने ग्लास पुढे करतो, आणि घामावाटे जातं त्यापेक्षा जास्त पाणी पोटात जाऊन रक्तातलं सोडियम पातळ होतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, बोलणं असंबद्ध होतं. अशा वेळी "पाणी कमी पडलं असेल" म्हणून कुणी आणखी पाणी पाजलं तर जिवावर बेतू शकतं. स्वयंसेवकांना हे समजावणं फार अवघड जातं, कारण पाणी देणं म्हणजेच सेवा असं प्रत्येकाच्या मनात घट्ट बसलेलं आहे.

उष्माघाताचं उलट. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि माणूस भ्रमल्यासारखा, तर जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवायचं. आधी थंड करायचं, मग रुग्णालयात न्यायचं. त्यासाठी टब, बर्फ आणि गुदद्वारातून तापमान घेऊ शकणारं प्रशिक्षित माणूस हवं. फिनिश लाइनला ही सोय आहे. कट-ऑफ आठ तासांवर नेला तर तिसाव्या किलोमीटरलाही ती लागेल का? तुमच्याकडे ही व्यवस्था कुठे आणि किती वेळ असते?

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत बारा तास भरले की स्पर्धकांकडे पाठ करून बंदूक झाडतात, मग कुणी दोन पावलांवर असला तरी त्याची नोंद होत नाही. ती शिस्त त्या स्पर्धेला शोभते. २००४ साली सुरू झालेल्या पार्करन या दर आठवड्याच्या मोफत धावण्याच्या उपक्रमात सर्वात मागे एक स्वयंसेवकच चालतो, त्यामुळे दुसरं कुणी शेवटचं ठरत नाही. तिथलं अंतर पाचच किलोमीटर आहे, तरी मला आपल्यासाठी ही पद्धत जवळची वाटते. बेचाळीस किलोमीटरला मागचे स्वयंसेवक टप्प्याटप्प्याने बदलून कुणी हे केलंय का? सोबत चालणाऱ्याला लक्षणं ओळखायला किती शिकवावं लागतं?

भर : प्रतिसादांबद्दल आभार. "चालणाऱ्यांना हाफला (अर्ध्या मॅरेथॉनला) पाठवा" असं दोघांनी सुचवलंय. ते मी करणार नाही. पूर्ण अंतराच्या संकल्पावरच त्यांनी देणगी मागितलेली असते. चालणाऱ्यांना दोन तास आधी सोडायची सूचना मात्र आवडली. कट-ऑफची घड्याळातली वेळ तीच राहते आणि त्यांचं बरंचसं अंतर ऊन चढायच्या आत होतं. अडचण एवढीच की सुरुवातीची टेबलं आणि वैद्यकीय पथक दोन तास आधी तयार हवं आणि अंधारात रस्त्यावर माणसं वाढवावी लागतील. शिवाय वेगवान धावपटू मागून येऊन चालणाऱ्यांना गाठतील, तिथे अरुंद पट्ट्यात गर्दी होईल. ज्यांनी अशी दोन टप्प्यांत सुरुवात केली आहे त्यांनी कृपया सांगा : मार्गिका वेगळी केली होती का, आणि आधी सुटणाऱ्यांच्या बिबचा रंग वेगळा ठेवला होता का? समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, त्याआधी उत्तरं मिळाली तर तिथे मांडता येतील.